रविवारी वाहणारी टाकी

बालमित्रांनो, धावताना अगदी ठणठणीत असणारा आणि उभा राहिला की घेरी येऊन पडणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय का? मीही नाही पाहिला. पण माझ्या मामाच्या होडीच्या मशीनला गेल्या वर्षी नेमका हाच आजार झाला होता.

तुम्ही म्हणाल, प्राथमिक शाळेतल्या बाईंना होडीच्या मशीनमधलं काय कळतं? खरं सांगते, तेव्हा काहीच कळत नव्हतं. मी जासईला राहते आणि जवळच्याच एका शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. जासई म्हणजे उरण-पनवेल रस्त्यावरचं, दि. बा. पाटील यांचं गाव. पूर्वी इथे भातशेती आणि मिठागरं होती, आता रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरची रांग असते. माझं आजोळ मात्र न्हाव्याचं, खाडीकाठचं. मामाची तिथे एक छोटी फायबरची होडी आहे आणि तिच्या मागे लटकवलेलं दहा घोड्यांचं, जुनं, पेट्रोलवर चालणारं टू-स्ट्रोक मशीन. त्याच्यावर मामाचं घर चालतं. बोइटं, कोलंबी, कधी चिंबोऱ्या. मोठ्या ट्रॉलरचा थाट नाही, पण रोजची चूल पेटते.

आपल्या महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. माशांची वीण वाढावी म्हणून. त्या दोन महिन्यांत मामाने मशीन काढून पडवीत, जुन्या चादरीखाली ठेवलं होतं. नारळी पौर्णिमा झाली, नारळ वाहून झाला, मशीन पुन्हा होडीला लागलं आणि तक्रार सुरू झाली. जोरात सोडलं की मशीन झकास पळायचं. पण वेग कमी केला, म्हणजे मेस्त्री लोक म्हणतात तसं 'स्लो'ला आणलं, की घुसमटल्यासारखं फुरफुरायचं, काळा धूर सोडायचं, पेट्रोलचा उग्र वास यायचा आणि दोन-तीन मिनिटांत बंद! मग दोरी ओढून ओढून मामाचा खांदा भरून यायचा.

यात एवढं काय बिघडलं, असं मलाही आधी वाटलं होतं. पण होडीला ब्रेक नसतो ना! धक्क्याला लागताना, दुसऱ्याच्या जाळ्याच्या बोयांमधून वाट काढताना, जाळं वर घेताना मशीन स्लोलाच चालवावं लागतं. नेमकं तेव्हाच ते बंद पडलं तर होडी पाणी नेईल तिकडे जाते. म्हणून मामाने काय केलं, तर माझ्या मामेभावाला पहाटे सोबत न्यायला सुरुवात केली. तो नववीत. मशीन मेलं की त्याने वल्हं मारायचं. होडी परत यायची साडेनऊ-दहाला. म्हणजे शाळा बुडाली! त्याची वही पाहिली तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिळून अठरा दिवस कोरे. मी मामाशी भांडले. मामा एवढंच म्हणाला, "बाय, मशीनचा काय भरोसा नाय. स्लोला आला का मेला. पोरगा नसला त मी एकटा काय करू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. 'मला एकदा घेऊन चल' असा मी हट्ट धरला आणि एका रविवारी त्या दोघांबरोबर गेले.

पनवेलच्या खाडीकडून आम्ही परत न्हाव्याला येत होतो. ओहोटी लागलेली. समोर अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला तो सुरू झाला. जवळजवळ २२ किलोमीटर लांब, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून. वरून गाडीतून जाणाऱ्याला तो सुंदर दिसतो. खालून, छोट्या होडीतून, त्याचे खांब एखाद्या चाळीएवढे वाटतात. पुढे कुणाच्या तरी जाळ्याचे बोये दिसले म्हणून मामाने वेग कमी केला. फुर्र, फुर्र... काळा धूर... आणि शांतता. मामा दोरी ओढतोय, मशीन उठत नाही, आणि ओहोटीचं पाणी आम्हाला गुपचूप त्या खांबांकडे नेतंय. मामेभाऊ एक शब्द न बोलता वल्ह्यावर बसला. चौदा वर्षांचा मुलगा, पण त्याचे दंड थरथरताना मला दिसत होते. खांब डाव्या हाताला राहिला. किती अंतरावर, ते मी मामीला अजून सांगितलेलं नाही.

धक्क्यावर आलो तर तिथे सल्ल्यांचा बाजार! एक म्हणाला प्लग बदल. प्लग आधीच दोनदा बदलून झाले होते. नवा प्लग दोन दिवस चालायचा, तिसऱ्या दिवशी ओल्या काजळीने काळा. दुसरा म्हणाला स्क्रू फिरव. मामाने खिशातून पेचकस काढला आणि फिरवलादेखील. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा पहिल्यासारखं. हा स्क्रू इतक्या जणांनी इतक्या वेळा फिरवला होता, की तो मुळात कुठे होता हेच कुणाला आठवत नव्हतं. तिसरा म्हणाला विकून टाक. मामाला नेमकं तेच पटायला लागलं होतं. मामीच्या पाटल्या गहाण टाकून नवीन मशीन घ्यायचं घरात चाललं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ज्वलनाचा पाठ घेत होते. तुम्हीही तो प्रयोग केला असेल. पेटत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा घातला की ती विझते, कारण जळायला हवा लागते. मी विचारलं, "घरात असं कुठे पाहिलंय?" मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, चुलीत एकदम लई लाकडं कोंबली का धूरच होतो. मग आई फुंकणी मागते."

खडू हातात धरून मी तशीच उभी राहिले. लाकडं जास्त, हवा कमी, म्हणून काळा धूर. मामाचं मशीनही तेच सांगत होतं की! पेट्रोल जास्त, हवा कमी. मेस्त्री त्याला 'मिक्श्चर रिच झालं' म्हणतात. रिच म्हणजे श्रीमंत. ही श्रीमंती काही कामाची नाही. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो, म्हणजे जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. पेट्रोल त्याहून फार झालं की ते अर्धवट जळतं. काजळी प्लगवर बसते, प्लग ओला होतो, ठिणगी पडत नाही, मशीन बंद.

हवा आणि पेट्रोल एकत्र करतो तो कार्बोरेटर. तो कसा काम करतो हे घरी बघायचं असेल तर एक स्ट्रॉ पाण्याच्या ग्लासात उभी धरा, तिचं वरचं टोक पाण्याच्या थोडंसंच वर ठेवा. दुसऱ्या स्ट्रॉने त्या टोकावरून आडवी, जोरात फुंकर मारा. पाणी आपोआप वर चढून फवारा उडेल. (आईने नुकतीच लादी पुसली असेल तर अंगणात करा.) वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून पाणी वर ओढलं जातं. हवेची वाट मधे अरुंद केली की तिथे तिचा वेग वाढतो. अशा अरुंद गळ्याला इटलीच्या व्हेंचुरी या शास्त्रज्ञाचं नाव आहे. तो १७४६ ते १८२२ या काळात होऊन गेला. त्याच्या काळात पेट्रोलचं इंजिन कुठलं असायला! पण कार्बोरेटरच्या गळ्याला आजही सगळे व्हेंचुरीच म्हणतात. मशीन हवा खेचतं, ती गळ्यातून धावते आणि खालच्या छोट्या वाटीतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं वर येतं. स्लोला हवेची झडप जवळजवळ बंद असते, म्हणून तेव्हा पेट्रोल यायला वेगळं, सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं असतं. सगळे जण जो स्क्रू फिरवत होते, तो या स्लोच्या वाटेचा.

कारण कळलं, पण पेट्रोल जास्त येत होतं कुठून? चोकचं पान अर्धवट मिटून राहिलं तरी असा धूर होतो. रात्री मामेभावाला फोन करून ते बघायला सांगितलं. चोक पूर्ण उघडत होता. हवेच्या वाटेत चिंधी, कचरा काही नव्हतं. मशीनला दोन सिलिंडर, पण कार्बोरेटर एकच. दोन्ही प्लग सारखेच काळे होते. एकच काळा असता तर त्या एका सिलिंडरच्या ठिणगीवर संशय घेतला असता. दोन्ही काळे म्हणजे दोघांना जेवण वाढणारा हातच सैल! इथपर्यंत आम्ही आलो आणि अडकलो. जोरात चालताना मशीन एकदम छान, हे कोडं काही सुटेना. पेट्रोल जास्त येतंय तर ते तेव्हाही यायला हवं ना?

पुढच्या सोमवारी सकाळी शाळेत गेले तर अंगणात चिखल. आमच्या शाळेची पाण्याची टाकी रविवारभर वाहिली होती. शिपाईमामा वैतागून म्हणाले, "बाई, आठवडाभर थेंब सांडत नाही आणि रविवारी हिला पूर येतो!"

टाकीत बॉलकॉक असतो, ठाऊक आहे ना? पाणी वर चढलं की तरंगणारा गोळा वर येतो आणि नळाचं तोंड बंद करतो. आमच्या बॉलकॉकचं रबर झिजलेलं. तो बंद झाला तरी बारीक धार चालूच. शाळेच्या दिवशी एवढी मुलं हात धुतात, पाणी पितात, ती धार कुणाच्या लक्षातही येत नाही. रविवारी पाणी वापरायला कुणी नाही, म्हणून टाकी वाहते.

मित्रांनो, मी चपला हातात घेऊन त्या चिखलातच हसायला लागले. शिपाईमामांना वाटलं, बाईंना काहीतरी झालं!

कार्बोरेटरच्या वाटीतही असाच एक छोटा तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि एका टोकदार पिनने, तिला नीडल म्हणतात, पेट्रोलची वाट बंद करतो. ती नीडल नीट बसली नाही तर बारीक गळती चालू राहते. मशीन जोरात पळताना ते जास्तीचं पेट्रोल सहज खाऊन टाकतं. स्लोला भूकच कमी, तेव्हा वाटी भरून वाहते आणि मशीन बुडतं. होडीचा रविवार म्हणजे स्लो!

मधल्या सुट्टीत मामेभावाला फोन लावला. तो घरीच होता, अर्थातच. पेट्रोलच्या नळीत हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो. मशीन बंद ठेवून तो दाबत राहिलं की वाटी भरते, नीडल वाट बंद करते आणि फुगा कडक होतो. म्हटलं, दाबून बघ. आधी वडिलांना बोलाव, आणि त्यांची बिडी विझव. पेट्रोलची वाफ दिसत नाही पण भडकते. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, "ताय, किती पन दाबला तरी नरमच. आनि कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल टपकतंय गो!"

त्या आठवड्यात उरणहून एक म्हातारे मेस्त्री आले. पडवीत वर्तमानपत्र पसरून त्यांनी कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पिवळसर चिकट थर, गुळाच्या पाकासारखा. दोन महिने मशीन चादरीखाली पडून होतं, त्यात उरलेलं पेट्रोल उडून गेलं आणि त्याचा हा डिंक मागे राहिला. नीडलच्या टोकावर बोटाला लागेल अशी झिजलेली कडा, आणि तिच्या बैठकीत तोच डिंक. मेस्त्रींनी सगळं धुतलं, बारीक भोकांतून हवा मारली. भोकांत तार घालू दिली नाही, कारण तारेने भोक मोठं होतं आणि मग मशीन कायमचंच श्रीमंत! नवी नीडल, नवं पॅकिंग. खर्च तीनशे रुपयांच्या आत. मामी आत चहा टाकत होती. तिने तो आकडा ऐकला आणि मेस्त्रींच्या कपात साखर जरा जास्तच घातली असावी, कारण ते दचकले.

राहिला तो बिचारा स्क्रू. मेस्त्रींनी तो हळूच, टेकेपर्यंतच आत घेतला. जोर लावला तर त्याचं टोक दबतं आणि पुढे कितीही फिरवा, काही उपयोग नाही. मग मशीनच्या पुस्तकात दिलेत तेवढे फेरे बाहेर. मामेभाऊ मोजत होता आणि माझ्या पर्समधल्या खडूने पडवीच्या फरशीवर लिहीत होता: दीड. एक सांगून ठेवते, हा आकडा आमच्या मशीनचा. काही कार्बोरेटरमध्ये स्क्रू हवा कमी-जास्त करतो, काहींत पेट्रोल, आणि दोघांच्या फिरवण्याची दिशा उलटी असते. म्हणूनच धक्क्यावरचा प्रत्येक सल्लागार आपापल्या मशीनपुरता खरा होता!

शेवटचा बारीक फरक होडी पाण्यात बांधून, मशीन चांगलं तापल्यावर केला. हे मशीन कोरडं चालवायचं नसतं. त्याला थंड ठेवणारं पाणी खालून पंपाने येतं आणि कोरडं चाललं तर पंपाचं रबरी चाक जळतं. पंखा पाण्याखाली फिरत असतो, म्हणून मुलांनी त्या बाजूला जायचंच नाही. मामेभावालाही मेस्त्रींनी काठावरच उभं केलं.

मशीन स्लोला टुकटुकत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मामा घड्याळ नसलेलं मनगट बघत होता.

काळा धूर गेला, पण निळसर धूर थोडा राहिलाच. मेस्त्रींनी विचारलं, "ऑइल किती घालता?" मामा म्हणाला, "अंदाजाने. जरा जास्तीच, बरा असता." टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. या मशीनचं प्रमाण पन्नासास एक. काळा धूर जास्तीच्या पेट्रोलचा, निळा जास्तीच्या ऑइलचा. आता मात्र बाईंचा विषय आला! पाच लिटर पेट्रोलला ऑइल किती? मामेभावाने फरशीवरच गणित केलं: ५००० भागिले ५०, म्हणजे १०० मिली. मामाचा 'अंदाज' मोजून पाहिला तर एकशे साठच्या वर गेला. तेव्हापासून होडीत खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण असतं, दहा मिलीचं. दहा झाकणं मोजून होईपर्यंत मामा कुणाशी बोलत नाही.

ओघात आलं म्हणून सांगते. होडीमागे लटकवायचं मशीन ज्याने लोकांच्या घराघरांत पोचवलं, तो ओले एव्हिनरूड मूळचा नॉर्वेचा, वाढला अमेरिकेत. १९०९ पासून त्याने अशी मशीनं विकायला सुरुवात केली. असं सांगतात, की तळ्याकाठच्या एका सहलीत होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्हं मारत गेला आणि येईपर्यंत ते वितळलं, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली. मी ही गोष्ट मामेभावाला सांगितली. तो म्हणाला, "त्याला निदान आइस्क्रीम आनायचा होता!"

ऑक्टोबरपासून तो रोज शाळेत जातोय. सहामाहीत गणितात पास झाला, इंग्रजीत थोडक्यात राहिला. अठरा दिवसांचा अभ्यास तीनशे रुपयांत भरून येत नाही, म्हणून शनिवारी दुपारी तो माझ्याकडे येतो. या वर्षी ३१ मेला मशीन होडीवरून काढायच्या आधी पेट्रोलची नळी सोडवून, ते आपोआप बंद पडेपर्यंत पाण्यातच चालवायचं, म्हणजे वाटी रिकामी होईल, हे त्याने पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. मामीने ती भिंत दिवाळीत रंगवू दिली नाही.

आणि हो, परवा शनिवारी येताना तो एक पुडी घेऊन आला. आत नवीन बॉलकॉक होता. शिडी शिपाईमामांनी धरली, टाकीवर मामा चढला. काल रविवार होता. आज सकाळी मी जरा लवकरच शाळेत गेले. अंगण कोरडं होतं.